सरकार राज
सरकार राज : मुंबईतील एका बलाढ्य, कायद्याबाहेरच्या घराण्याची कथा पुढे नेणारा हिंदी चित्रपट (२००८). दिग्दर्शक रामगोपाल वर्मा, लेखक प्रशांत पांडे, छायाचित्रण अमित रॉय, पार्श्वसंगीत अमर मोहिले. प्रमुख भूमिका : अमिताभ बच्चन (सुभाष नागरे ऊर्फ सरकार), अभिषेक बच्चन (शंकर), ऐश्वर्या राय-बच्चन (अनिता राजन), दिलीप प्रभावळकर (रावसाहेब), सुप्रिया पाठक, गोविंद नामदेव व सयाजी शिंदे. सरकार (२००५) या चित्रपटाचा हा उत्तरभाग असून सरकार ३ (२०१७) हा मालिकेतील तिसरा चित्रपट होय.

गुन्हेगारी घराण्यावरील उत्तरभागाचा मानदंड म्हणून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या द गॉडफादर भाग २ (१९७४) या अमेरिकन चित्रपटाकडे पाहिले जाते. सहा ऑस्कर पारितोषिके मिळविणाऱ्या या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळविला. तो मिळविणारा हा पहिलाच उत्तरभाग होय. त्यात दोन कथा समांतर चालतात : पोरका व्हिटो सिसिलीतून न्यूयॉर्कला येऊन घराण्याचा पाया घालतो ती भूतकाळातील, आणि त्याचा मुलगा मायकेल सत्ता राखताना घरच गमावतो ती १९५८–५९ मधील. मायकेलच्या आज्ञेने होणारी सख्ख्या भावाची हत्या हा तिचा शेवट. भारतात मूळ गॉडफादर ची छाया धर्मात्मा (१९७५) पासून अनेक चित्रपटांवर पडली. उत्तरभाग मात्र क्वचितच निघाले. महेश मांजरेकर यांच्या वास्तव (१९९९) चा हथ्यार (२००२) हा त्यांतील एक.

सरकार मध्ये वर्मा यांनी गॉडफादर चे ऋण उघडपणे मान्य केले होते. परदेशातून परतलेला धाकटा मुलगा शंकर बापाचा कारभार हाती घेतो आणि अखेर थोरला भाऊ विष्णू याला ठार करतो. म्हणजे कपोलांनी दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेला बंधुहत्येचा प्रसंग वर्मांनी पहिल्याच भागात खर्ची घातला. नागऱ्यांच्या उदयाचा पूर्वेतिहास सांगण्याचा मार्ग तेव्हाही मोकळा होता. तो न घेता दुसरा भाग भविष्याकडे वळविण्यात आला. सुभाष नागरे या पात्राचे बाळ ठाकरे यांच्याशी असलेले साम्य समीक्षकांनी पहिल्या चित्रपटापासूनच दाखविले आहे.

उत्तरभागाचा विषय आहे वीज. लंडनस्थित कंपनीची प्रमुख अनिता राजन ग्रामीण महाराष्ट्रात प्रचंड वीजप्रकल्प उभारू पाहते. सरकारच्या संमतीवाचून ते शक्य नाही, असे तिला सांगण्यात येते. गावे उठणार म्हणून सरकारचा प्रथम विरोध असतो; शंकर भावी लाभाकडे बोट दाखवून बापाचे मन वळवितो व अनितासह गावोगाव फिरतो. सरकारचे जुने मार्गदर्शक रावसाहेब यांचा नातू प्रकल्पाविरुद्ध आंदोलन उभारतो. शंकरची गर्भवती पत्नी स्फोटात बळी पडते, पुढे शंकरही मारला जातो. या सर्वांमागे रावसाहेब असल्याचे आणि आंदोलन हाही त्यांच्याच डावाचा भाग असल्याचे शेवटी उघड होते. शंकरची जागा अनिता घेते.

या कथेमागे दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाची आठवण स्पष्ट दिसते. गुहागर तालुक्यातील हा प्रकल्प १९९५ मध्ये युती सरकारने रद्द केला व १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. दरम्यान कंपनीच्या रिबेका मार्क यांनी ठाकरे यांची भेट घेतली होती. १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ मध्ये ती बंदही पडली.

तथापि विजेसाठी गावे उठविण्याचा प्रश्न महाराष्ट्रात दाभोळपेक्षा पुष्कळ जुना असून त्याचे मूळ मावळात आहे. टाटांच्या जलविद्युत् कंपनीने (स्थापना १९१०) लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवटा व लोणावळा हे तलाव बांधले. त्यांचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मी. उतरवून खोपोली येथे १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविण्यात आली. पुढे आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर चालू झाले. तिसऱ्या योजनेची आखणी लगतच्या मुळशी खोऱ्यात, नीला-मुळा संगमाजवळ झाली, तेव्हा मात्र शेतकरी उठले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते. सुमारे ५० गावांची आंबेमोहर भाताची जमीन बुडणार होती. जमीन कसणारा मावळा आणि तिच्यावर हक्क सांगणारा पुण्यातील सावकार यांचे हित एक नव्हते. वाढीव नुकसानभरपाईवर सावकार बाजूला झाले आणि लढ्याचे बळ ओसरले. लढा १९२४ मध्ये संपला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली व भिरा येथील वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले.

हा इतिहास समोर ठेवला, तर सरकार राज चे बळ व उणीव दोन्ही दिसतात. प्रकल्पाचा निर्णय गावात होत नाही, कंपनी आणि गाव यांच्यामधील मध्यस्थाच्या दिवाणखान्यात होतो, हे चित्रपटाने अचूक हेरले आहे. मुळशीतही भरपाईची बोलणी जमीन कसणाऱ्यांशिवायच झाली होती. परंतु आंदोलनाला केवळ कारस्थान ठरवून चित्रपट विस्थापितांचे म्हणणेच काढून घेतो. गावकरी येथे सभेतील गर्दी म्हणून दिसतात. नुकसानभरपाई, पुनर्वसन, पर्यायी जमीन यांचा तपशील संवादांतून निसटतो. कॅमेरा चेहऱ्यांच्या अतिनिकट राहतो, पार्श्वसंगीत सतत उच्चरवात असते आणि शोकांतिका घरापुरती उरते. प्रभावळकरांचे रावसाहेब हा मात्र खरा लाभ : मृदू बोलणे व खादीधारी साधेपणा यांआड दडलेली सत्ताकांक्षा त्यांनी विलक्षण संयमाने रंगविली आहे.

मावळातील जमीन-पाण्याचा संघर्ष चित्रपटानंतरही शमला नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. जमीन गेलेल्या घरातून गुन्हेगार कसा घडतो, ही सरकार राज मध्ये न आलेली बाजू मराठीत प्रवीण तरडे यांच्या मुळशी पॅटर्न (२०१८) या चित्रपटाने मांडली. त्यात मोहन जोशी यांनी जमीन विकून बसलेल्या बापाची आणि ओम भूतकर यांनी टोळीत शिरणाऱ्या मुलाची भूमिका केली आहे. त्यावर आधारित अंतिम हा हिंदी चित्रपट महेश मांजरेकर यांनी २०२१ मध्ये दिग्दर्शित केला.