वर्ध्याचे शेट बच्छराज आणि त्यांचें घराणें

वर्धा हें शहर जुनें नव्हे. १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुराहून निराळा झाला, तेव्हां त्याचें ठाणें पुलगांवाजवळ कवठा येथें होतें. १८६६ सालीं तें पालकवाडी या खेड्याच्या जागीं हलवून नवें गांव वसविण्यांत आलें. पुढल्याच वर्षीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) विलायतेंत हिंदी कापसाला मोठी मागणी आली होती, आणि हिंगणघाटचा कापूस नांवाजलेला होता. अशा मुलखांत मारवाड-शेखावाटीकडील सावकारांनीं दुकानें मांडलीं. शेट बच्छराज बजाज हे त्यांपैकींच.

बच्छराजांचे पुत्र रामधनदास हयात नव्हते. तेव्हां १८९४ सालीं, सीकरजवळच्या काशी का बास येथील कनीराम व बिरदीबाई यांचा मुलगा जमनालाल (जन्म ४ नोव्हेंबर १८८९) त्यांनीं नातू म्हणून घरांत घेतला. मोबदल्यांत जन्मदात्यांनीं द्रव्य घेतलें नाहीं. बच्छराजांनीं त्या निर्जळ गांवांत विहीर बांधून दिली, असें घराण्याच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. ही गोष्ट कौतुकानें सांगतात, पण तिचें मर्म शास्त्रांत आहे. मूल्य देऊन घेतलेला तो क्रीतपुत्र, आणि निबंधकारांच्या मतें कलियुगांत तो वर्ज्य. विहीर मात्र पूर्तकर्म होय. तिचें पाणी सर्व गांवाचें. व्यापाऱ्यानें शास्त्र उघडलें नसेल, परंतु मर्यादा बरोबर ओळखली.

या घराण्याचा आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा कागद म्हणजे जमनालालांनीं सतराव्या वर्षीं आजोबांस लिहिलेलें पत्र. एका लग्नास जातांना दागिने घालण्यास त्यांनीं नकार दिला. म्हातारे संतापले व दौलतीवरून लागट बोलले. मुलानें सर्व मालमत्तेवरील हक्क सोडल्याचें लिहून दिलें आणि घर सोडलें. पत्रांत राग नाहीं. पुढें आपण कसलाही दावा सांगणार नाहीं, याची हमी आहे. त्यांस समजावून परत आणलें गेलें. १९०७ सालीं बच्छराज वारले आणि पेढी जमनालालांकडे आली. पुढचा वृत्तांत सर्वश्रुत आहे: १९२८ सालीं घराण्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें झालें, गांधीजी वर्ध्यास आले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं जमनालाल निवर्तले.

हें पत्र छापलें गेलें म्हणून वाचलें. आमचे संग्राहक मित्र मोडी दप्तरांचे रुमाल जिवापाड जपतात. महाजनी लिपींतील वह्या हातीं आल्या तर मात्र ‘वाण्याचा हिशेब’ म्हणून बाजूस टाकतात. ग्लासगोच्या विल्यम कनिंगहॅम यांच्या तंबाखूपेढीनें आपल्या व्हर्जिनियांतील गुमास्त्यांशीं १७६७ ते १७७७ या काळांत केलेला पत्रव्यवहार १९८४ सालीं संपादून प्रसिद्ध झाला. अमेरिकेंत गेलेल्या स्कॉट व्यापाऱ्यांचें उधारीचें जाळें त्यांतून उलगडतें. कापसाच्या हंगामापूर्वीं कुणब्यास दिलेली उचल, तिचें व्याज, सरकीचा भाव, हें आपल्याकडे त्याच वह्यांत सांपडेल. भोसल्यांच्या सनदांत नाहीं. महाजनी मात्रारहित असते, म्हणून वाचणें जड जातें, हें खरें. पण मोडी तरी आम्हांस उपजत कुठें येत होती?

बच्छराजांचें रक्त पुढें चाललें नाहीं, नांव चाललें. १९४५ सालीं या घराण्यानें स्थापिलेली ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ हीच कंपनी पुढें १९६० सालीं ‘बजाज ऑटो’ झाली.