किलोभर वेस्ट द्या की

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात घटकाभर उभं राहावं. नटबोल्ट, ग्रीस, पॉलिश पेपर अशी मागणी चाललेली असते आणि मधेच कुणी म्हणतो, "मालक, किलोभर वेस्ट द्या की." मालक पोत्यात हात घालतो, रंगीबेरंगी सुताचा गुंता नाहीतर बनियनच्या कापडाचे तुकडे काट्यावर टाकतो आणि पैसे घेतो. नाव टाकाऊचं आणि विक्री तोलून. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण उद्यमनगरात वेस्ट म्हणजे कचरा नव्हेच. वेस्ट म्हणजे हात पुसायचं.

देवनागरीत हा शब्द लिहिला की घोटाळा होतो. बनियनसाठीचा इंग्रजी शब्दही आपण 'वेस्ट' असाच लिहितो आणि दुकानात 'बनियन वेस्ट' मिळतंच. त्यामुळे बनियन फाडून केलेलं ते वेस्ट, अशी व्युत्पत्ती कुणी छातीठोकपणे सांगितली तर पटून जाते. ती खोटी. (खुद्द बनियनची कथा जास्त मजेची आहे. गुजराती वाणी परक्या व्यापाऱ्यांच्या तोंडी 'बनियन' झाला, मग ते नाव एका सैल अंगरख्याला पडलं आणि फिरून आपल्याकडे आलं ते घामाच्या गंजीफ्रॉकसाठी.) आपलं वेस्ट म्हणजे 'कॉटन वेस्ट' या जोडशब्दाचं उरलेलं शेपूट. गिरणीत पिंजताना, कातताना, विणताना जे काही वाया जातं ते कॉटन वेस्ट. एकोणिसाव्या शतकात त्याला इंजिनवाल्यांचं गिऱ्हाईक मिळालं. इंजिन पुसायला तर ते लागेच, पण रेल्वेच्या डब्यांच्या आसाच्या पेटीतही तेलात भिजवलेलं वेस्ट ठासून भरत. चाक फिरत असताना ते आसाला तेल चाटवत राही. कोरडं पडलं की पेटी तापून धूर निघे.

कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली 1891 मध्ये. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला 1904 मध्ये. 1906 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला, तीच शाहू मिल. पंधराएक वर्षांत वेस्ट खाणारी यंत्रं आणि वेस्ट देणारे माग एकाच जिल्ह्यात आले. पुढं उसाच्या पाण्याला आणि गुऱ्हाळांना ऑईल इंजिनं लागली, ती बनवणारे आणि दुरुस्त करणारे मेस्त्री आले, फाउंड्र्या आल्या. शाहू मिल आज बंद आहे. वेस्टचा खप चालू आहे.

वस्तू मात्र नवी नव्हती. मागावर ताणा संपत आला की शेवटचं हातभर सूत विणता येत नाही, कापून टाकावं लागतं. कापडाच्या टोकाला लोंबणाऱ्या अशा धाग्यांना संस्कृतात 'दशा' म्हणत, मराठीत एका धाग्याला 'दशी'. कापड जीर्ण झालं की त्याच्या दशा निघतात. बीजेची कोर दिसली की अंगावरच्या वस्त्राची एक दशी ओढून चांदोबाला वाहायची, 'जुनं घे, नवं दे' म्हणायचं, ही रीत आजीपणजीच्या पिढीत होती. चंद्रालासुद्धा वेस्टच दिलं, आणि बदल्यात अख्खं लुगडं मागितलं!

घरात ते लुगडं कधी टाकलं जात नसे, त्याची बढती होई. मऊ झालं की बाळाची दुपटी. मग थरावर थर घालून वाकळ, जिचं कूळ वल्कलापर्यंत नेलं जातं. वाकळीतून उरलं ते चुलीपाशी फडकं, फडकं मळलं की सारवणाचं पोतेरं. यातली एक वाट देवाकडेही जाते. चिंधी पिळून तेलातुपात भिजवली की तिचा काकडा होतो आणि पहाटेच्या आरतीला त्याचंच नाव आहे. दिवाळीच्या पहाटे अंबाबाईच्या देवळाच्या शिखरावर जळतो तोही काकडाच.

हे सगळं काटकसरीचं कौतुक म्हणून सांगत नाही. जुनं सुती कापड पुसायच्या कामाला खरोखर नव्याहून सरस असतं. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ लावतात. इचलकरंजीत त्या कामाचे वेगळे कारखाने आहेत, त्यांना सायझिंग म्हणतात. खळीचं कोरं कापड तेल शोषत नाही, नुसतं फिरवतं. शंभरदा धुतलेल्या धोतराची खळ गेलेली असते, तंतू सुटलेले असतात, ते तेल पिऊन घेतं. म्हणून मुरलेला मेस्त्री नवं फडकं हातात आलं तर नाक मुरडतो. पॉलिएस्टरवर तर तो शिवीच देतो, कारण ते पाणी पीत नाही आणि तापल्या सायलेन्सरला लागलं तर वितळून चिकटतं. घरातून फडकी कमी झाली त्यात आळसापेक्षा साड्यांतून सूत गेल्याचा वाटा मोठा आहे.

सोनारकामात फडक्याला वेगळाच मान. झिलई करताना चांदीचा कीस त्याच्या पोटात शिरतो. मग चांदीकामाचं हुपरी गाव असो की कोल्हापूरची गुजरी पेठ, असं फडकं फेकणारा कारागीर वेडाच म्हणायचा. ते साठवायचं, जाळायचं आणि राखेतून धातू काढायचा. सोनाराच्या दारची धूळ चाळणारे झारेकरी याच हिशेबावर जगले.

गॅरेजात असं भाग्य नाही, तिथं फडकं उतरत जातं. कोरडं असताना गेज आणि घासून गुळगुळीत केलेल्या भागांना, मग हाताला, मग इंजिनच्या बाहेरच्या अंगाला, शेवटी जमिनीवर सांडलेल्या तेलाला. मधे एकदा पिळून, सोड्याच्या गरम पाण्यात उकळून वाळत घातलं की दोन पायऱ्या वर चढतं. पिळलेलं तेल मात्र गटारात सोडू नये, ते शेवटी पंचगंगा नदीला जातं. कारखान्यांना तर कायदाच आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या परिशिष्टात दूषित सुती चिंध्यांची स्वतंत्र नोंद आहे. शंभर वर्षं कचरा नसलेलं वेस्ट सरकारदरबारी खरोखरच वेस्ट ठरलं, आणि तेही घातक.

आणखी एक, सुतारकाम करणाऱ्यांसाठी. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. ढिगाच्या पोटात ती ऊब अडकते आणि काडी न लावता फडकी पेट घेतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा रात्री दुकानाबाहेर असू द्या.