कृत्रिम क्षितिज

24 ऑगस्ट 2024 रोजी भर पावसात आमच्या मुळशी तालुक्यात पौडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळले. आतले चौघेही वाचले. पुढे दीडच महिन्यात, 2 ऑक्टोबरच्या धुक्याच्या सकाळी, बावधनजवळच्या डोंगरात दुसरे कोसळले. त्यातले तिघेही गेले. त्यानंतर कितीतरी दिवस वर घरघर ऐकू आली की वर्गातली मुले खिडकीकडे बघायची.

माझा एक जुना विद्यार्थी टीव्ही आणि मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याने मला बोलावून घेतले. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याने दोन काळे डबे आणले होते. त्यातल्या एकावर काच, काचेमागे विमानाची छोटी आकृती आणि रशियन अक्षरे होती. "सर, याला कृत्रिम क्षितिज म्हणतात. ढगात गेल्यावर वैमानिक याच्याकडे बघून विमान सरळ ठेवतो. बंद आहे. चालू करून बघू."

उर्दूत क्षितिजाला उफ़ुक़ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभे राहून उफ़ुक़ किती खाली झुकलेला दिसतो तो कोन मोजला होता. डोंगराची उंची आणि तो कोन एवढ्यावरून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. क्षितिज दिसत असेल तर माणूस एवढे करू शकतो. पण क्षितिज दिसतच नसेल तर?

तर शरीर खोटे बोलते. तोल सांभाळणाऱ्या आपल्या कानातल्या नळ्यांमध्ये द्रव असतो. विमान बराच वेळ सावकाश वळत राहिले की तो द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि आपण सरळच चाललो आहोत असे वाटते. पहिल्या महायुद्धापासून कितीतरी वैमानिक ढगात असे फसले. 24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकेत जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर अजिबात न पाहता, केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान उडवले आणि उतरवले. त्यात स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. यानंतर तीनच वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले ते एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून. रेडिओ नव्हता. नजर हाच त्यांचा आधार.

दुकानातले उपकरण त्यानंतरच्या काळातले, सोव्हिएत लढाऊ विमानांच्या पिढीतले. त्याच पिढीतले मिग-21 भारतात 1963 मध्ये आले. पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते बनू लागले. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. बासष्ट वर्षे हे विमान उडत राहिले त्यात वैमानिकांच्या बरोबरीने हातात मल्टीमीटर आणि सोल्डरिंग घेऊन बसलेल्या कारागिरांचाही वाटा आहे. त्यांची नावे कुठल्या फलकावर नसतात.

या उपकरणाचे दोन भाग. एका डब्यात गायरो, म्हणजे मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेणारा भोवरा. विमान कसेही कलंडले तरी तो आपली दिशा सोडत नाही. दुसरा डबा कॉकपिटातली तबकडी. गायरो सांगतो ते तारांमधून येते, अॅम्प्लिफायर ते मोठे करतो आणि छोटी मोटर तबकडी फिरवते. पण एकटा भोवराही हळूहळू भरकटतो. म्हणून त्याच्यासोबत पातळ द्रव भरलेला स्विच असतो. सुताराच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखा तो खाली कुठे आहे ते सांगतो आणि गायरोला पुन्हा जागेवर आणतो.

पहिली अडचण विजेची. याला तीन फेजची, 36 व्होल्टची, सेकंदाला 400 आवर्तनांची वीज लागते. आपल्या घरात 230 व्होल्ट आणि 50 आवर्तने. आवर्तने जास्त असली की मोटर आणि ट्रान्सफॉर्मर लहान करता येतात, म्हणून विमानात ही पद्धत. पोराने गाण्याचे तीन अॅम्प्लिफायर जोडून ती वीज तयार केली. काच मात्र मी त्याला उघडू दिली नाही. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावत. चमक विझते, रेडियम राहते. सोळाशे वर्षांनी ते निम्मे होते.

व्होल्टेज हळूहळू वाढवले. गायरो आधी कण्हला, मग एका सुरात गुणगुणू लागला. तबकडी तिरकीच राहिली. दोन संध्याकाळी तपासणीत गेल्या. गायरो पहिल्यापासून खरेच सांगत होता. मधल्या अॅम्प्लिफायरमधले दोन कपॅसिटर वाळून गेले होते, त्यामुळे ते खरे तबकडीपर्यंत पोहोचत नव्हते. कपॅसिटर बदलले आणि क्षितिज आडवे झाले.

मला इद्रिस हसन लतीफ आठवले. हैदराबादचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडालेले. 1947 मध्ये असगर खान आणि नूर खान या त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या हवाई दलात येण्याचा आग्रह केला. लतीफ इथेच राहिले. 1978 ते 1981 ते भारताचे हवाई दलप्रमुख होते, नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. त्या वर्षीही दाट धुके होते. कुणीकडे कलायचे हे आजूबाजूचा प्रत्येक जण सांगत होता. आजही आमच्या मुलांना त्यांचे क्षितिज दुसरेच कुणीतरी दाखवत असते. लतीफ यांचे नाव मात्र वर्गात विचारले तर एकही हात वर होत नाही. गायरोत बिघाड नाही. मधली तार आम्ही शिक्षकांनीच तपासायला हवी.

ते उपकरण आता विमानात बसवता येणार नाही, त्याला वेगळ्या चाचण्या आणि परवाने लागतात. ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मुले डबा कलंडवतात आणि तबकडीवरची रेघ हलताना बघतात.