विश्वचषकाखालचे मजले

राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेचा दर्जा कशावरून ठरवावा? किती देश आले, अंतिम सामन्याला किती गर्दी लोटली, किती वाहिन्यांनी सामने दाखवले, ही नेहमीची तीन मापे आहेत. तिन्ही संयोजकांच्या सोयीची आहेत, कारण गाठीला पैसा असेल तर एका हंगामात ती वाढवून दाखवता येतात. पैसे ओतूनही चटकन हाती लागत नाही अशी गोष्ट वेगळीच आहे. यंदा तळाला राहिलेल्या देशाला पुढच्या वर्षी कोणत्या पातळीवर, साधारण कोणाशी खेळायचे आहे, हे आजच ठाऊक असते का? पुढच्या विवेचनात हेच माप वापरले आहे. ते एकीकडे आइस हॉकीला लावले आहे, जी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दमट हवेत कोणी पाहिलेलीही नसते. दुसरीकडे ते कबड्डीला लावले आहे, जिचे सामने याच पट्ट्यात उन्हाळाभर रात्री प्रकाशझोतात रंगतात. निकाल आपल्याला फारसा सुखावणारा नाही.

आइस हॉकीची आंतरराष्ट्रीय संघटना १९०८ साली पॅरिसमध्ये पाच युरोपीय देशांनी स्थापन केली. १९१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेझाव्हाँ येथे पहिली युरोपीय स्पर्धा झाली. पहिले जागतिक अजिंक्यपद म्हणून धरली जाते ती १९२० सालची अँटवर्प ऑलिंपिकमधली स्पर्धा, म्हणजे चक्क उन्हाळी ऑलिंपिकमधली. ती जिंकणारा कॅनडाचा ‘राष्ट्रीय संघ’ प्रत्यक्षात विनिपेग फाल्कन्स नावाचा एक क्लब होता. कॅनडा पुढेही कितीतरी वर्षे देशाच्या नावाने क्लबच पाठवत राहिला. १९६१ साली जगज्जेते ठरलेले ट्रेल स्मोक ईटर्स हा विजेतेपद मिळवणारा असा शेवटचा क्लब. म्हणजे राष्ट्रीय संघ ही कल्पना या खेळातही जन्मतः पक्की नव्हती, ती हळूहळू घडली. व्यावसायिक खेळाडूंना मज्जाव असण्यावरून कॅनडाने १९७० ते १९७६ या काळात जागतिक स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. भांडणे आपल्याकडेच होतात असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आजची रचना अशी आहे. सर्वांत वर सोळा संघ, आठ-आठांच्या दोन उपगटांत. प्रत्येक उपगटातला शेवटचा संघ पुढच्या वर्षी खाली उतरतो. त्याखाली पहिला विभाग, त्याचे अ आणि ब गट. मग दुसरा आणि तिसरा विभाग, त्यांचेही अ आणि ब. सगळ्यात खाली चौथा विभाग. प्रत्येक गटाची स्वतंत्र स्पर्धा दरवर्षी वेगळ्या शहरात भरते, अव्वल आलेले वर जातात, तळाचे खाली येतात. मधल्या प्रत्येक मजल्याला वर जाणारा आणि खाली उतरणारा असे दोन्ही जिने आहेत.

कांगा लीग खेळलेल्यांना हे समजावून सांगायला नको. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात मुंबईच्या मैदानांवर होणाऱ्या या क्रिकेट लीगमध्ये ए पासून खाली उतरणारे विभाग आहेत आणि क्लब त्यांत वर-खाली होत असतात. डोंबिवली, कल्याणहून किटबॅग सांभाळत पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलांना खालच्या विभागातला सामनाही खरा सामना असतो, कारण त्या निकालावर क्लबचे पुढचे वर्ष ठरते. अजिंक्य रहाणे डोंबिवलीतूनच असा मुंबईच्या मैदानांवर येत असे. मुंबईच्या क्रिकेटला या गटवारीने किती दिले हे मोजणे अवघड आहे. गटवारी नसती तर काय गमावले असते याची कल्पना मात्र करता येते.

अशा रचनेतून काय निघते याचे उत्तम उदाहरण लॅटव्हिया. सोव्हिएत संघातून सुटल्यावर हा देश १९९३ मध्ये तिसऱ्या पातळीच्या गटातून सुरुवात करता झाला. दुसऱ्या गटात वर आला, तो १९९६ मध्ये जिंकला आणि १९९७ पासून अव्वल गटात खेळू लागला. २०२३ मध्ये त्याने अमेरिकेला जादा वेळेत ४-३ असे हरवून कांस्यपदक घेतले. त्या रात्री संसदेने बैठक भरवून दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. या देशाची लोकसंख्या आहे एकोणीस लाखांच्या आत-बाहेर. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे महापालिकेच्या हद्दीत अठरा लाखांवर माणसे होती आणि कल्याण-डोंबिवलीत आणखी साडेबारा लाखांच्या आसपास. तेव्हा ‘देश लहान म्हणून खेळ वाढत नाही’ हे कारण चालणारे नाही.

ब्रिटनचेही तसेच. १९९४ नंतर अव्वल गटातून बाहेर पडलेला हा संघ २०१७ मध्ये पहिल्या विभागाच्या ब गटात अव्वल आला, २०१८ मध्ये अ गटात, आणि २०१९ मध्ये सोळांत दाखल झाला. तिथे टिकण्यासाठीच्या निर्णायक सामन्यात फ्रान्सविरुद्ध ०-३ असा मागे पडूनही जादा वेळेत ४-३ ने जिंकला. पदकाशी काही संबंध नसलेला हा सामना ब्रिटनच्या हॉकीरसिकांच्या लेखी अंतिम सामन्याइतकाच मोठा आहे. गटवारीचा खरा फायदा हाच, की तळाच्या सामन्यांनाही धार येते. गुणपद्धतीही याला पूरक आहे. नियमित वेळेत जिंकल्यास तीन गुण, जादा वेळेत जिंकल्यास दोन आणि जादा वेळेत हरल्यास एक. बलाढ्य संघाला साठ मिनिटे झुंजवत ठेवणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडते.

हे मजले वगळले की काय होते तेही याच खेळाने दाखवले आहे. २००८ मध्ये महिलांच्या ऑलिंपिक पूर्वपात्रता फेरीत असमान संघ एकत्र आले आणि स्लोव्हाकियाने बल्गेरियाला ८२-० असे हरवले. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला ५८-० ने लोळवले होते. ८२-० मध्ये हरणारा काही शिकत नाही आणि जिंकणाराही काही शिकत नाही.

आता कबड्डीकडे वळू. आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघाचा पहिला पुरुष विश्वचषक २००४ मध्ये मुंबईत झाला, भारताने इराणला ५५-२७ असे हरवले. दुसरा २००७ मध्ये पनवेलला झाला, डोंबिवलीहून शिळफाटा ओलांडला की तासाभराच्या अंतरावर. अंतिम फेरीत पुन्हा इराणच, या वेळी २९-१९. तिसरा नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये अहमदाबादला, पुन्हा इराण, ३८-२९. महिलांचा पहिला विश्वचषक २०१२ मध्ये पाटण्यात झाला आणि पुढचा थेट २०२५ मध्ये ढाक्यात. एका मुलीने बाराव्या वर्षी कबड्डी सुरू केली असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या विश्वचषकाच्या मधल्या काळात तिची उमेदीची सगळी वर्षे येऊन गेली. त्यात २०२५ मध्ये वेगळ्याच एका संघटनेने इंग्लंडमध्ये आपला विश्वचषक भरवला. म्हणजे जगज्जेते किती, याचाही हिशेब दोन वह्यांत.

अहमदाबादचे आकडे बोलके आहेत. बारा संघ आले होते, त्यांत पोलंड, केनिया, अर्जेंटिना, अमेरिका. भारताने अर्जेंटिनाला ७४-२०, इंग्लंडला ६९-१८, उपांत्य सामन्यात थायलंडला ७३-२० असे हरवले. उपांत्य सामन्यात! त्याच स्पर्धेच्या सलामीला दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ ने चकवले होते, हेही खरे. पण कोरिया तयार झाला तो विश्वचषकांमुळे नव्हे, आशियाई स्पर्धांमुळे आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे. कोरियाचा जांग कुन ली बंगालकडून, इराणचा फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळत भारतीय खेळाडूंची नस ओळखून बसले. आइस हॉकीत नेमके उलट दिसते. तिथली मोठी व्यावसायिक लीग मे महिन्यात बाद फेरीत गुंतलेली असते आणि उत्तम खेळाडू जागतिक स्पर्धेला मुकतात. कबड्डीत लीगनेच परदेशी संघ घडवले. पण लीगचे दरवाजे मूठभर खेळाडूंना उघडतात, केनियाच्या दुसऱ्या फळीला नाही.

आशियाई स्पर्धांमध्ये कबड्डी १९९० पासून आहे आणि तिथे दर चार वर्षांनी ठरलेल्या दिवशी सामना होतो. परिणाम उघड आहे. २०१८ मध्ये जकार्तात भारताचा पुरुष संघ गटात कोरियाकडून २३-२४ आणि उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला. त्या संघात आपल्या ठाणे जिल्ह्यातला कोपरारक्षक गिरीश इर्नाक होता, मुंबईचा रिशांक देवाडिगा होता. महिलांची अंतिम लढत तर मराठी माणसाला दुहेरी चटका लावणारी. भारताला २७-२४ असे हरवणाऱ्या इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. काहींनी त्या वेळी नाके मुरडली. माझ्या मते ती कबड्डीच्या इतिहासातली सर्वांत आशादायक घटना होती, कारण हरवू शकणारा प्रतिस्पर्धी असल्याशिवाय जगज्जेतेपदाला वजन येत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवले, तेव्हा त्या सुवर्णाची किंमत अहमदाबादच्या ७४-२० पेक्षा कितीतरी जास्त होती.

खो-खो तर आत्ता कुठे सुरुवातीला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या मराठी कर्णधारांनी दोन्ही विजेतेपदे आणली. अंतिम सामने नेपाळशी ७८-४० आणि ५४-३६ असे झाले. पण महिलांचा सलामीचा सामना दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८ असा होता. त्या कोरियन मुली पुढे कोणाशी, कधी खेळणार, याचे उत्तर त्या गुणफलकावर नव्हते.

मग बर्फाचे काय? भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. पुरुष संघ २००९ मध्ये अबू धाबीत आशियाई चॅलेंज कपमध्ये उतरला, पहिला विजय २०१२ मध्ये डेहराडूनला मकावविरुद्ध मिळाला. महिला संघ २०१६ मध्ये तैपेईत पहिल्यांदा खेळला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय नोंदवला आणि २०२५ मध्ये अल ऐनच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकला. संघात बहुतेक मुली लडाखच्या, थंडीत गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. डेहराडूनची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली आणि नंतर खर्च झेपेना म्हणून वर्षानुवर्षे बंद पडली होती. जागतिक स्पर्धेच्या चौथ्या विभागापर्यंतही आपण २०२५ अखेर पोचलो नव्हतो.

घोडबंदर रोडच्या संकुलांत चाकांच्या स्केट्सवर फिरणारी मुले पाहून कोणाला ठाण्यात रिंक सुचेल, म्हणून थोडे गणित. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर जाड पाण्याचा थर म्हणजे ५४ हजार लिटर पाणी. २८ अंशांचे हे पाणी गोठवायला पावणेसात हजार युनिटांइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. चांगल्या यंत्राला वीज त्याहून कमी लागेल, आणि हा खर्च एकदाच. खरे संकट त्यानंतरचे. खाडीकाठच्या हवेतले बाष्प थंड बर्फावर सतत साचत राहते, पृष्ठभाग खडबडीत होतो, हॉलमध्ये धुके धरते. हवा कोरडी ठेवणारी यंत्रे बाराही महिने चालवावी लागतात. एखाद्या मॉलला हौसेपोटी परवडेल, महापालिकेला नाही, आणि माझ्या मते तिने त्या फंदात पडूही नये.

कबड्डीला मात्र पुरुषांसाठी तेरा बाय दहा मीटरची मॅट पुरते. खालच्या पातळीवरचे आठ संघ, आठवडाभराची स्पर्धा, एका बंदिस्त सभागृहात दोन मॅट. डोंबिवलीचे सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल असो की ठाण्यातले एखादे सभागृह, एवढे यजमानपद पेलायला जागतिक कीर्तीचे स्टेडियम लागत नाही. रचना अशी असावी: अव्वल गटात भारत, इराण, चिनी तैपेई, कोरिया, बांगलादेश यांच्यासह आठ संघ, त्याखाली आठ, त्याखाली येतील तेवढे. सामने दरवर्षी, आणि वर-खाली होण्याचा नियम लेखी. ज्या देशात खेळाडू स्वतः राहून देशांतर्गत स्पर्धा खेळले आहेत त्याच देशाकडून त्यांना खेळू द्यायचे, म्हणजे स्थलांतरित भारतीयांची भरती करून संघ उभा करण्याची पळवाट बंद होईल. आइस हॉकीतही नवे नागरिकत्व घेतलेल्यांना अशी अट आहे.

कबड्डी ऑलिंपिकमध्ये यावी म्हणून आपले संघटक वर्षानुवर्षे निवेदने देत आले आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे: निवेदनाला पोलंड, केनिया आणि अर्जेंटिनाच्या पुढच्या तीन वर्षांच्या सामन्यांचे वेळापत्रक जोडा, आणि त्यातली एक खालच्या गटाची स्पर्धा ठाणे जिल्ह्यात घ्या.