एका तबकडीची उलटतपासणी

शंकर-जयकिशन यांच्या जुन्या तबकड्यांवर काय छापलेलं असायचं? चित्रपटाचं नाव, नायक-नायिकेचा फोटो, गायक, गीतकार, संगीतकार. वाजवणाऱ्यांचा पत्ताच नसे. १९६८ साली एचएमव्हीने काढलेल्या ‘रागा-जॅझ स्टाइल’ या त्यांच्याच एलपीवर मात्र वादकांची नावं वाद्यांसकट आहेत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, बासरीवर सुमंत, पियानोवर लुसिला, इलेक्ट्रिक गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कॅस्ट्रो, बेसवर एडी ट्रॅव्हस, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत. संगीत शंकर-जयकिशन. चित्रपट नाही, गायक नाही, शब्द नाहीत. अकरा राग, आणि प्रत्येक रागाची काही मिनिटांची वाद्यरचना.

ही नावं पुराव्याच्या दृष्टीने मोलाची आहेत. आम्ही सोलापूरकरांनी मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन शेकडो वेळा ऐकलेला असतो. विविध भारतीवर ऐकलेला असतो, भागवत थिएटरात ऐकलेला असतो, आणि गणपतीच्या मिरवणुकीत बँडवाल्याने क्लॅरिनेटवर काढलेल्या त्याच्या नकलेतूनही. निवेदक संगीतकाराचं नाव घ्यायचा, गीतकाराचंही. मधल्या तुकड्यात कोण वाजवून गेलं, हे घोषणेत येतच नसे. या एलपीने पहिल्यांदा त्या आवाजांना नावं जोडून दिली. म्हणून ही तबकडी ऐकायची आहेच, पण त्याआधी दस्तऐवज म्हणून वाचायची आहे.

पुरावे तीन प्रकारचे. पहिला छापील: कव्हर आणि लेबल. दुसरा खाचांमधला, म्हणजे प्रत्यक्ष आवाज. तिसरा आठवणींचा. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या सिनेवादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली काढलं, तर नरेश फर्नांडिस यांनी मुंबईतल्या जॅझचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये २०१२ साली मांडला. तीस-चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणींवर तारखेसाठी विसंबू नये. कामाची पद्धत कशी होती, यासाठी मात्र त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. तिन्ही पुरावे एकमेकांसमोर उभे केले, की बरंच काही हाती लागतं.

लेबलापासून सुरू करू. तबकडीच्या क्रमांकाआधी ‘ईसीएसडी’ ही अक्षरं आहेत. ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या स्टिरिओ एलपींची ही मालिका. मोनोची मालिका ‘ईसीएलपी’. त्या काळी मुंबईत चित्रपटगीतं मोनोतच ध्वनिमुद्रित होत; स्टिरिओफोनिक म्हणून गाजलेला ‘शोले’ यायला १९७५ उजाडलं. म्हणजे ही मंडळी दिवसभर मोनोत काम करायची. शंभरेक वाद्यं, मधोमध गायकाचा गळा, आणि वादकाच्या वाट्याला दोन कडव्यांमधली चार-आठ आवर्तनं. इथे गळाच नाही. डावी-उजवी बाजू मोकळी, माणसं मोजकी. ज्या वादकाला एरवी काही सेकंदांत आपलं म्हणणं सांगून गप्प बसावं लागे, त्याला इथे वाक्य पूर्ण करायची सवड मिळाली. हा फरक एका अक्षरमालिकेतून कळतो.

आता माणसं. परेरा, गोदिन्हो, कॅस्ट्रो, आणि पियानोवरच्या लुसिला पाशेको. पोर्तुगीज वळणाच्या या आडनावांमागे गोव्यातल्या चर्चच्या शाळा आहेत. तिथे मुलं अक्षरओळख आणि स्टाफ नोटेशन जवळजवळ एकत्रच शिकत. कागदावरची सुरावट पाहिल्याबरोबर वाजवणारा माणूस ब्रिटिश हिंदुस्थानात दुर्मीळ होता, म्हणून लष्करी बँड, जहाजं, हॉटेलं, मूकपटांची थिएटरं यांना गोवेकर हवेच असत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना सोबत घेऊन १९५१च्या ‘अलबेला’त जो धुमाकूळ घातला तो सर्वांना ठाऊक आहे, चिकचा बँड त्या चित्रपटात पडद्यावरसुद्धा दिसतो. त्याच सुमारास मुंबई प्रांतात दारूबंदी आली. १९४९च्या कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडल्या आणि वाजवणाऱ्यांनी दिवसा स्टुडिओंची वाट धरली. संगीताच्या इतिहासात दारूबंदीला एवढं श्रेय सहसा कोणी देत नाही, पण द्यायला हवं.

शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा हेही गोव्याचेच. फाळणीआधी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा बँड होता. फाळणीने तो मोडला, ते मुंबईला आले आणि पुढे वर्षानुवर्षं या जोडीच्या गाण्यांचा वाद्यमेळ कागदावर उतरवत राहिले. कारण संगीतकार कागदावरून चालणारे नव्हते. शंकर मूळचे तबलावादक, हैदराबादेत वाढलेले (हैदराबादहून मुंबईची वाट आमच्या सोलापूरवरूनच जाते), आणि जयकिशन बांसद्याचे हार्मोनियमवाले. दोघं पृथ्वी थिएटर्समध्ये एकत्र आले आणि १९४९च्या ‘बरसात’पासून जोडी झाली. चाल त्यांच्या डोक्यात असे. ती साठ व्हायोलिनांना कशी वाटून द्यायची, हे लिहिणारा हात वेगळा असे. मनोहारी सिंग आणखी निराळ्या दिशेने आले: कलकत्त्यातलं नेपाळी कुटुंब, बाटा कंपनीचा बँड, तिथून कलकत्त्याचे स्टुडिओ, आणि १९५८मध्ये मुंबई. कारखान्याच्या बँडमध्ये घडलेला हा माणूस पुढे हिंदी चित्रपटातल्या सॅक्सोफोनचा मानदंड ठरला, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत सुखावणारं वाटतं.

रईस खाँ तिसऱ्याच घरातले. विलायत खाँ त्यांचे मामा. मदनमोहन यांच्या गाण्यांतली बोलकी सतार पुष्कळदा त्यांचीच. म्हणजे घराण्याची तालीम आणि स्टुडिओची शिस्त, दोन्ही अंगवळणी पडलेला माणूस. लाल दिवा लागल्यावर किती मात्रांत काय सांगायचं, हे त्यांना शिकवावं लागणार नव्हतं.

आता खाचांमधला पुरावा. अकरा राग असे: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ की मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी. तोडीने सुरुवात, भैरवीने सांगता. मैफलीचा रिवाज शेवटी पाळला आहे. मधे मात्र सकाळचे आणि रात्रीचे राग सरमिसळ आहेत, म्हणजे प्रहराचा विचार निवडीमागे नव्हता. मग कोणता विचार होता? सूर मांडून पाहिले की थोडा उलगडा होतो.

कलावती घ्या. सा, ग, प, ध आणि कोमल नि. यांतले सा-ग-प-नि एकदम वाजवले की पाश्चात्त्य संगीतातला सेव्हन्थ कॉर्ड होतो, ज्यावर ब्लूजचा सगळा डोलारा उभा आहे. पियानो आणि गिटार यांना रागाबाहेर पाऊलही टाकावं लागत नाही. शिवरंजनीत सा, कोमल ग, प, ध: हा मायनर सिक्स्थ, जुन्या डान्स बँडचा लाडका कॉर्ड. मालकंस तर गिटारवाल्याच्या बोटांतच असतो. त्याचे पाच सूर मध्यमाला षड्ज मानून वाजवले की रॉक आणि ब्लूजमधली मायनर पेंटॅटॉनिक तयार. जयजयवंतीत दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधली ती लपाछपी ऐकून कोणत्याही सॅक्सोफोनवाल्याला घरी आल्यासारखं वाटावं. बैरागीत गंधारच नाही, त्यामुळे कॉर्ड मेजर की मायनर हा प्रश्नच उद्भवत नाही. सा-म-प-नि आणि वर कोमल रिषभ, असा एक अधांतरी स्वरगुच्छ मिळतो, जो साठच्या दशकातल्या जॅझवाल्यांना फार आवडे. राग निवडताना कुणीतरी पियानोसमोर बसून हा हिशेब केला होता, असं मला या यादीवरून वाटतं. निवड अंदाजपंचे झालेली नाही.

पण मग तोडी का? तोडी हा या कामाला सर्वांत अडेलतट्टू राग. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, आणि पंचम जपून वापरायचा. ओळखीचा एकही कॉर्ड त्याखाली सरळ बसत नाही. बसवला तर तोडी उरत नाही. आणि मियाँ की मल्हारचा आंदोलित कोमल गंधार? तो पियानोच्या पट्टीत नाहीच. पट्टी दाबली की सूर एका जागी ठोकला जातो, डुलत नाही. सतारीची तार ओढता येते, गिटारची थोडीफार ओढता येते, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ओठांच्या ताब्यात असतात, बासरीची बोटं सरकतात. पियानोला यांतलं काही शक्य नाही. म्हणून या तबकडीवर रागाचं तोंड दाखवायचं काम सतारीकडे आहे आणि फुंकवाद्यं तिच्या मागून येतात. कोणत्या वाद्याने कुठे गप्प बसायचं, हे ज्याने ठरवलं तो खरा संयोजक. या एलपीतलं सर्वांत मोठं कौशल्य मला त्या गप्प बसण्यात दिसतं.

तालाचंही तसंच. ड्रम्सचा स्विंग मात्रेचे तीन भाग धरून लंगडत चालतो. तबल्याचा ठेका बहुधा सरळ दोन-चारांत. दोघं आपापल्या हट्टावर राहिले तर चिखल होतो. शिवाय डग्ग्याचा घुमारा, ड्रम्सचा बेस आणि बेसची तार एकाच खालच्या पट्ट्यात गर्दी करतात. गोदिन्हो आणि रमाकांत एकमेकांना जागा देतात, आलटून पालटून पुढे येतात. ही समज एका तालमीत येत नाही. शंकर-जयकिशन यांच्या तालविभागात दत्ताराम वाडकरांच्या हाताखाली ढोलक, तबला, बोंगो आणि ड्रम्स कित्येक वर्षं एकाच खोलीत नांदत होते. १९६८चाच त्यांचा ‘ब्रह्मचारी’ ऐकून पाहावा.

इथे लंडनचा दाखला उपयोगी पडतो. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ साली ‘इंडो-जॅझ सूट’ केला. पाच जॅझवाले, पाच भारतीय वाद्यांचे, असा दहा जणांचा ताफा. तिथे दोन गट दोन किनाऱ्यांवरून आले आणि मधे भेटले. भेटीतला संकोच आणि ताण ध्वनिमुद्रणात ऐकू येतो, त्यात एक थरारही आहे. मुंबईत किनारे असे वेगळे नव्हतेच. मनोहारी सिंग, परेरा, रईस खाँ सकाळी एका गाण्यात आणि दुपारी दुसऱ्या गाण्यात शेजारी बसत आले होते. त्यामुळे ‘रागा-जॅझ स्टाइल’मध्ये सफाई जास्त आणि जोखीम कमी. कट्टर जॅझप्रेमींची तक्रार असते की यात पुरेसं उत्स्फूर्त वादन नाही. तक्रार खरी आहे. दोन फुंकवाद्यं एकाच श्वासात सुरू होऊन एकाच श्वासात थांबतात, तेव्हा समोर लिहिलेला कागद आहे हे कानाला कळतं. शास्त्रीय संगीतवाल्यांची तक्रार त्याच्या उलट: एवढ्याशा वेळात मालकंस कसा उभा राहणार? तीही खरीच. मी ही तबकडी जॅझ म्हणून ऐकत नाही आणि रागदारी म्हणूनही नाही. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदाने स्वतःसाठी वाजवलेलं संगीत म्हणून ऐकतो. तसं ऐकलं की दोन्ही तक्रारींचा जोर ओसरतो.

जॅझ आणि रॉक यांची प्रसिद्ध सांगड यानंतरची आहे. माइल्स डेव्हिस यांचं ‘बिचेस ब्रू’ १९६९च्या ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि निर्माते टिओ मसेरो यांनी टेप कापून, जोडून त्याला आकार दिला. १९७७ची स्टीली डॅन यांची ‘एजा’ आमच्या तबकडीशी अधिक नातं सांगते. तिथेही दोन संगीतकार, वॉल्टर बेकर आणि डोनाल्ड फेगन, आणि त्यांनी कामापुरते बोलावलेले पट्टीचे स्टुडिओवादक. एका गाण्यातल्या गिटारच्या तुकड्यासाठी त्यांनी एकामागून एक अनेक गिटारवादक वाजवून पाहिले आणि अखेर जे ग्रेडन यांचा तुकडा ठेवला. शीर्षकगीतात वेन शॉर्टर यांचा सॅक्सोफोन आणि स्टीव्ह गॅड यांचे ड्रम्स आहेत, हे चाहते पाठ म्हणून दाखवतात. बहुपदरी टेपमुळे एकेक वाद्य वेगळं मुद्रित करून नापसंत पडलं तर पुसता येत होतं. मुंबईत तेव्हा ती सोय नव्हती. सगळे एका खोलीत, एका दमात. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. बूथ यांच्याशी बोललेल्या वादकांनी या पद्धतीतल्या धाकाचं आणि अभिमानाचं वर्णन केलं आहे.

‘एजा’चे चाहते गॅड यांना ओळखतात. लेस्ली गोदिन्हो यांना ओळखणारे आपल्याकडे किती? व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मोठा वृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये सादर केल्या होत्या. त्यांचं नाव देशभर पोहोचलं ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका विनोदी गाण्यामुळे, शिष्य प्यारेलाल यांनी केलेल्या मानवंदनेतून.

‘रागा-जॅझ स्टाइल’चा दुसरा भाग निघाला नाही. १२ सप्टेंबर १९७१ला जयकिशन गेले. रईस खाँ १९८६मध्ये पाकिस्तानात स्थायिक झाले. मनोहारी सिंग राहुल देव बर्मन यांचे मुख्य साहाय्यक झाले, आणि व्हायोलिन-चेलो वाजवणाऱ्या बासुदेव चक्रवर्तींबरोबर ‘बासू-मनोहारी’ या नावाने त्यांनी स्वतः चित्रपटांना संगीतही दिलं. १९७६च्या ‘सबसे बडा रुपैया’च्या तबकडीवर त्यांचं नाव संगीतकाराच्या जागी छापलं आहे, त्यात सॅक्सोफोन कोणी वाजवला, ते मात्र छापलेलं नाही.