शब्दवेध : फाशो आणि फोक

चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मनमध्ये ‘फोक’ म्हणजे जनता. नाझींच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ एका रक्ताचा समाज, ज्यू त्यातून जन्मानेच बाहेर. ‘फॅसिझम’चे मूळ इटालियन ‘फाशो’, म्हणजे मोळी. १८९०च्या दशकात सिसिलीतल्या शेतकरी-कामगारांच्या समाजवादी संघटनांचे हेच नाव होते. मुसोलिनीने १९१९ साली मिलानमध्ये ते उचलले, आणि पुढे मोळीची दोरी राज्यसत्तेच्या हाती गेली. वंशभेदाचे कायदे इटलीत १९३८ साली आले, जर्मनीत १९३३ पासूनच.

मग दोघांना एकच ‘फॅसिस्ट’ म्हणणे ढोबळ नाही का? विचारसरणीपुरता हा आक्षेप रास्त आहे; कारखान्याच्या गेटवर तो टिकत नाही. इटलीने १९२६ साली संप गुन्हा ठरवला आणि वाटाघाटींचा हक्क सरकारमान्य फॅसिस्ट संघटनांपुरताच ठेवला. जर्मनीत २ मे १९३३ रोजी युनियनच्या कचेऱ्या बळकावल्या आणि मालक-कामगारांना एकाच ‘कामगार आघाडी’त कोंबले. जनतेच्या गाडीचा, म्हणजे फोक्सवॅगनचा, मूळ कारखाना याच आघाडीने उभारला. तीन लाखांहून अधिक लोकांनी हप्ते भरले; त्यांतल्या एकालाही नाझी राजवटीत गाडी मिळाली नाही, आणि युद्धकाळात तिथे वेठबिगार राबवले गेले. मुसोलिनीने संप गुन्हा ठरवला त्याच १९२६ साली, परक्यांच्या राज्यात असूनही, हिंदुस्थानात ट्रेड युनियन कायदा झाला. पिंपरी-चिंचवडच्या युनियनांची नोंदणी २०२५ पर्यंत त्याच कायद्याखाली होत होती.