विलायतेस धाडलेली मुले

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात नोकरीस आलेल्या इंग्रज अंमलदारांच्या घराण्यांत, मूल पाच-सात वर्षांचे झाले की त्यास आगबोटीत बसवून विलायतेस धाडावयाचे आणि नातलगांच्या, अथवा पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या परक्या कुटुंबाच्या हवाली करावयाचे, अशी चालच पडून गेली होती. पटकी-हिवतापाचे भय हे तिचे उघड कारण; परंतु येथील चाकरमाणसांची भाषा व रीतभात मुलांच्या अंगी मुरेल आणि पुढे मोठ्या हुद्द्यांस ती अपात्र ठरतील, ही धास्तीही तितकीच प्रबळ होती.

याच चालीत सापडलेल्या लेखक रुडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईस झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. त्याची पोर्तुगीज कॅथलिक आया वाटेवरच्या क्रुसापाशी प्रार्थना करी, तेव्हा तो तिच्याशेजारी उभा असे. मीता नावाचा हिंदू नोकर त्यास लहानशा देवळांतून नेई. आणि त्याचे विचार व स्वप्ने देशी भाषेतच चालत असल्यामुळे, आईबापांसमोर नेण्यापूर्वी त्यास इंग्रजीत बोलण्याची ताकीद द्यावी लागे. 1871 साली त्यास व तीन वर्षांच्या बहिणीस विलायतेत साउथसी येथे परक्या घरी ठेवण्यात आले. तेथे शिक्षा म्हणून, 'खोटारडा' अशी पाटी पाठीवर लावून त्यास भर रस्त्यातून पाठविण्यात आले. 1877 साली हिंदुस्थानातून परत आलेली आई पहिल्या रात्री मुका घेण्यास वाकली, तेव्हा या मुलाने तडाखा चुकविण्यासाठी हात आडवा धरला. मायेने जवळ येणारे माणूस आणि मारावयास येणारे माणूस यांतील भेद ज्याच्या देहास उरला नाही, त्याच्या बालपणाची याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

1882 साली तो मुंबईस उतरला, तेव्हा अर्थही न कळणारी देशी वाक्ये त्याच्या तोंडून आपसूक निघू लागली. सुटलेली माया अशी जिभेत दडून राहिली होती.

अशी कित्येक मुले पुढे याच मुलखात कलेक्टर वा पलटणीचे अधिकारी होऊन आली, आणि त्यांनीही आपली लेकरे त्याच वयात आगबोटीवर चढविली. ज्यांना हळवेपणा गिळावयास बालपणीच शिकविले, त्यांच्या हाती कोट्यवधी रयतेचा न्याय सोपविला गेला, ही गोष्ट राज्यकारभाराच्या इतिहासात गौण मानता येणार नाही.

मात्र या मुलांना सांभाळणाऱ्या देशी आयांचे काय? पोटच्याप्रमाणे वाढविलेले मूल धक्क्यावरून निघून गेले की त्यांचा मुशाहिराही संपे आणि मायाही. किपलिंगने आत्मचरित्रात मीताचे नाव दिले, आयेचे दिले नाही. गोव्यातील वा मुंबईतील ज्या घरांत अशा पणजीच्या आठवणी अद्याप सांगितल्या जात असतील, त्या घरांनी त्या नावानिशी लिहून ठेवाव्यात.